क्रमशः साहेब

साळवे काका चहाचा शेवटचा घोट पीत नाहीत. घोटभर चहा उरला की कप बशीत ठेवतात, मिशीवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "क्रमशः." तो घोट मग मी मोरीत ओतते. मी त्यांच्याकडे सकाळच्या पोळ्या करते त्याला आता दोन वर्षं होतील. एवढ्या दिवसांत त्यांनी मला एकदाही रिकामा कप दिलेला नाही.

चहाचंच असं आहे असंही नाही. क्रिकेटची मॅच शेवटच्या ओव्हरला आली की काका टीव्ही बंद करतात. शब्दकोड्यात एक आडवी ओळ कोरी ठेवतात. इमारतीमागच्या विहारात भाषण असलं आणि वक्ता "शेवटी एवढंच सांगतो" म्हणाला की हे चपला शोधायला लागतात. त्यानंतर भाषण आणखी अर्धा तास चालतं, तेव्हा या सवयीचा त्यांना थोडा फायदाही झालेला आहे.

मुलुंड पूर्वेला आमची चाळ होती तिथे आता इमारत आहे. काका चौथ्या मजल्यावर एकटे राहतात. त्यांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधायचं काम केलं. अजूनही त्यांच्या घरात शिरलं की पुस्तकं चिकटवायच्या खळीचा वास येतो, कारण गॅसच्या एका शेगडीवर माझा तवा आणि दुसरीवर त्यांची खळ असते. खळीत मोरचूद घालतात, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन पातेली दाखवली आणि म्हणाले, "मंदाबाई, हे आमटीचं, हे खळीचं. यात चूक झाली तर आपण दोघंही क्रमशः नाही, समाप्त."

सुटं पान त्यांना बघवत नाही. कुणाच्या घरी लटकलेलं कॅलेंडर दिसलं तरी हात शिवशिवतात. माझं रेशनकार्ड फाटलं होतं, ते त्यांनी कापडी पाठ लावून असं बांधून दिलं की दुकानदाराने ते दोन वेळा उघडून मिटून बघितलं आणि धान्य मापायचं विसरला.

इंग्रजी ते छापखान्यातून आलेल्या कागदांवर शिकले. छापलेल्या मोठ्या कागदावर पानं उलटसुलट असतात, घडी घातल्यावर ती सरळ लागतात. काका म्हणतात, "मी आधी सोळावं पान वाचलं, मग पहिलं. त्यामुळे माझ्या इंग्रजीत माणूस आधी मरतो, मग त्याचं लग्न होतं."

आता त्या पुस्तकाबद्दल सांगते, कारण पुस्तकाशिवाय साळवे काका सांगता येणार नाहीत.

फार वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक त्यांच्याकडे एक जुनी इंग्रजी कादंबरी बांधायला देऊन गेलं आणि परत आलंच नाही. काकांनी ती बांधली, वाट बघितली, आणि मग वाचायला घेतली. तिचं नाव मला माहीत नाही. काकांनी पाठीवर नाव टाकलंच नाही आणि नावाचं पान चिकटवून टाकलं. माझी सून एकदा म्हणाली होती, नाव सांगा, मोबाईलवर दोन मिनिटांत शेवट काढून देते. तेव्हापासून ती आली की काका पुस्तकावर उशी ठेवतात.

त्या पुस्तकाला मोठी प्रस्तावना आहे. कादंबरीपेक्षा काकांचा जीव त्या प्रस्तावनेवर जास्त. ही कादंबरी पहिल्यांदा आली तेव्हा तिकडच्या लोकांनी काय केलं, ते सगळं त्यात लिहिलंय. कादंबरी तेव्हा एकदम आली नव्हती. दर महिन्याच्या एक तारखेला एक भाग, असे वीस भाग आले. काका त्या लोकांबद्दल असं बोलतात की वाटावं खालच्या मजल्यावरच राहतात. एक डॉक्टरीणबाई होती, तिने बहिणीच्या लग्नाची तारीख पुढे ढकलली, का तर त्याच दिवशी अकरावा भाग येणार होता. एका गिरणीच्या गावात वाचता येणारा एकच माणूस होता, तो टेबलावर उभा राहून वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. त्याला खोकला झाला तर गावाने त्याच्या घशाला मध पुरवला. एका वर्तमानपत्रवाल्याने लिहिलं की असली पुस्तकं मुलींच्या हातात देऊ नयेत, आणि नंतर कळलं की त्याच्याच तीन मुली ती बापाच्या कपाटातून काढून वाचत होत्या.

"हे खरे वाचक," काका म्हणतात. "पुढे काय होणार हे ज्याला माहीत नाही, तोच वाचक. बाकीचे नुसते पानं उलटणारे."

म्हणून आम्हालाही महिन्याला एकच भाग. एक तारखेला, सकाळी दहा वाजता. काका एका हातात पुस्तक धरून मराठीत सांगत जायचे आणि मी पोळ्या लाटत ऐकायची. भाग संपला की पुस्तक मिटायचे आणि "क्रमशः" म्हणायचे.

इथे माझी एक फजिती सांगायला हवी. मी चौथीपर्यंत शिकले. लहानपणी आमच्याकडे वाण्याच्या पुड्यांचे कागद यायचे, ते मी वाचायची. त्यात गोष्टी असायच्या आणि गोष्टीच्या खाली "क्रमशः" लिहिलेलं असायचं. गोष्टीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, एवढं मला ठाऊक होतं. तेव्हा माझी समजूत अशी झाली की क्रमशः नावाचा कुणी लेखक आहे, तो फार लिहितो, आणि त्याला एकही गोष्ट धड संपवता येत नाही. ही समजूत मी पन्नास वर्षं कुणाला न विचारता सांभाळली. तिसऱ्या भागानंतर काका "क्रमशः" म्हणाले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की म्हणजे हे इंग्रजीतही लिहायचे का.

काकांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते ओट्याला धरून हसले. मला पोळपाटाखाली शिरावंसं वाटलं. पण त्यांनी मला हसून सोडून दिलं नाही. डोळे पुसून म्हणाले, "मंदाबाई, तुमचंच बरोबर. या माणसाला दुसरं नावच शोभत नाही." त्या दिवसापासून त्या इंग्रज लेखकाचं नाव पडलं क्रमशः साहेब.

ऐकायला मी एकटी नव्हते. समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेन खुर्ची घेऊन यायच्या. त्यांना कथेत एकाच गोष्टीत रस. दर महिन्याला विचारायच्या, "काका, लगीन होते की नाही होते, तेवढं सांगून टाका ना." आणि दारात, पाटी बाजूला ठेवून, चंद्रीमावशी बसायची. मावशी ठाण्याच्या कोळीवाड्यातली, तीस वर्षं आमच्याकडे मासळी घेऊन येते. आत बस म्हटलं तर बसत नाही, म्हणते हंसाबेनच्या नाकाला त्रास होतो.

कादंबरीतली मुलगी एका नावाड्याची. खाडीच्या पैलतीरावर बाप नाव चालवतो, मुलगी शहरात मोठ्या घरी कामाला जाते, तिच्यावर चोरीचा आळ येतो, आणि ती बापाकडे परत यायला निघते. तिचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मावशीने तिला हिरा केलं. होडी आणि पाणी आल्यावर मावशी नुसती ऐकणारी राहिली नाही. काका वाचत असले की मध्येच हात वर करायची. "थांब रं साळव्या. अमावास्या हाय ना? मग एवढ्या सकाळी पानी कसा भरंल? तुझा क्रमश्या कधी खाडीवर गेला व्हता का?" काका सत्तरी ओलांडलेले, पण मावशीपुढे साळव्या. ते मुकाट्याने पुस्तकाच्या समासात पेन्सिलने लिहायचे, पाणी चूक.

आणि सगळं लिहून ठेवायला त्यांच्याकडे एक वहीही आहे. जाड, स्वतः बांधलेली. त्यात रकाने पाडलेत, भागाचा आकडा आणि पुढे ऐकणाऱ्यांची नावं. कोण काय म्हणालं ते त्यात जातं, अगदी त्या प्रस्तावनेसारखं. मी एकदा पुसता पुसता उघडून बघितली. मावशीचे रकाने भरून वाहत होते. हंसाबेनच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत "लग्नाची चौकशी". आणि माझ्या नावाखाली, भाग एक, काही बोलल्या नाहीत. भाग दोन, काही बोलल्या नाहीत. भाग सात, काही बोलल्या नाहीत, पोळी करपली. भाग बारा, तीन पोळ्या करपल्या. मी वही होती तशी ठेवली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, पण माझ्या पोळ्यांवर कुणी लक्ष ठेवून आहे हे काही मला माहीत नव्हतं.

सगळ्यात पहिला रकाना मात्र आमच्यातल्या कुणाचा नव्हता. तिथली शाई जुनी होती. वर लिहिलं होतं, इंदू.

इंदू म्हणजे काकांची बायको. ती जाऊन अकरा वर्षं झाली, मी तिला पाहिलेलं नाही. घरी बसून ती छापील कागदांच्या घड्या घालायची. तिला वाचता येत नव्हतं, तरी घडी कधी चुकली नाही, असं काका सांगतात. बाकी तिच्याबद्दल ते फार बोलत नाहीत.

एकोणिसावा भाग झाला आणि आम्हा बायकांची झोप उडाली. हिरा रात्री एकटीच नाव घेऊन निघालेली, धुकं पडलेलं, पलीकडे बाप काठावर उभा. आणि काकांनी पुस्तक मिटलं. मावशीने ऐकवलं की आता तुला बोंबीलसुद्धा दाखवणार नाही. काकांनी शांतपणे प्रस्तावनेतलं सांगितलं. तिकडेही असंच झालं होतं. एकोणिसाव्या भागानंतर महिनाभर क्रमशः साहेबांकडे शेकडो पत्रं आली. मुलीला मारू नका, तिला घरी पोचवा. एका म्हाताऱ्याने तर लिहिलं की मी आजारी आहे, मला आधीच सांगा.

"मग सांगितलं काय त्यानं?" मावशीने विचारलं.

"एकालाही उत्तर दिलं नाही," काका म्हणाले. पुढचं त्यांनी वाचलं नाही. प्रस्तावनेची शेवटची चार पानं त्यांनी टाचणीने बंद करून ठेवली आहेत. आम्हाला वाटायचं, आम्ही चोरून बघू म्हणून.

त्याच महिन्यात सव्वीस तारखेला मावशी आली ती रिकामीच. पाटी नव्हती. हातात एक पिशवी, तीत काकांसाठी साफ केलेली सुकट. नेहमीसारखी दारात बसली आणि गुडघे धरून म्हणाली की आजपासून फेरी बंद. गुडघे गेले. मुलाने विरारला घर घेतलंय, उद्याच सामान हलतंय.

मावशीचा आवाज ऐकून हंसाबेनही समोरून आल्या. मग मावशी म्हणाली, "साळव्या, शेवट सांग आता."

काका पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. "एक तारखेला."

"एक तारखेला मी नाय."

हंसाबेन मध्ये पडल्या, म्हणाल्या फोनवर सांगू की. मावशीने हात झटकला. तिला फोनवर मुलाचं बोलणंही धड ऐकू येत नाही, खाडीचं पाणी काय ऐकू येणार.

काका हसतील असं मला वाटलं, ते हसले नाहीत. त्यांनी पेपराची घडी घातली, मग तीच घडी पुन्हा घातली. उठून पुस्तक आणलं आणि ओट्यावर माझ्यासमोर उघडून ठेवलं. शेवटची सोळा पानं कडेने एकमेकांना जोडलेली होती. काका म्हणाले, जुन्या पुस्तकांची पानं अशीच यायची, वाचणाऱ्याने सुरीने कापून घ्यायची. त्या गिऱ्हाइकाने शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

"आणि तुम्ही?" हंसाबेननी विचारलं.

"मीही नाही."

एकोणीस महिने आम्ही तिघींनी या माणसाच्या विनवण्या केल्या होत्या. मावशीने पापलेट दाखवून बघितलं होतं, हंसाबेननी ढोकळा. आणि त्याला स्वतःलाच शेवट माहीत नव्हता.

मग काकांनी सांगितलं. सांगताना ते आमच्याकडे बघत नव्हते, पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. इंदूलाही त्यांनी असंच महिन्याला एक भाग वाचून दाखवलं होतं. ती घड्या घालायची, हे वाचायचे. स्वतःही पुढचं पान बघायचे नाहीत, तसं ठरलंच होतं दोघांचं. एकोणिसावा भाग झाला आणि ती हॉस्पिटलात गेली. चोवीस तारखेला दुपारी म्हणाली, अहो, हिरा पोचली का? तिने तिला दुसरंच नाव ठेवलं होतं, पण काका आमच्यासाठी हिरा म्हणाले. आपण एक तारखेला वाचू, असं काका सांगणार होते. पण तिच्याकडे बघून त्यांना ते सांगवेना. पुस्तक घरी होतं, पानं जोडलेली.

"मग मी सांगून टाकलं, पोचली. धुकं उठलं, नाव काठाला लागली. बाप तिच्यावर ओरडला, इतका उशीर, भाकरी गार झाली म्हणून."

त्यानंतर दोन दिवसांनी ती गेली. आणि पुस्तक तसंच राहिलं. कापावं तर आत काय निघेल कुणास ठाऊक. आत दुसरंच काही निघालं तर इंदूला आपण शेवटचं बोललो ते खोटं.

मावशी दारातून उठली आणि पहिल्यांदा आत येऊन बसली. "काप," म्हणाली.

काकांनी सुरी मागितली. मी भाजीची सुरी धुऊन, पुसून दिली. पण चाळीस वर्षं ज्यांनी कागद कापला त्यांनी सुरी पानांच्या घडीत घातली आणि तशीच बाहेर काढली. त्यांनी सुरी परत माझ्याकडे दिली. मी पानं कापली. कोथिंबिरीच्या जुडीला लावतो तेवढाच जोर लावला, तरी कडा थोडी दातेरी झाली.

काकांनी उभ्याउभ्या वाचायला सुरुवात केली. आधी आम्हाला सांगत सांगत, मग मनातल्या मनात. बराच वेळ गेला. तव्यावरची पोळी मी वेळेवर उतरवली, कारण काकांच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी तव्याकडेच बघत होते.

शेवटी पुस्तक ओट्यावर ठेवून ते म्हणाले, "नाही पोचली. नाव उलटली. सकाळी बापाला नुसती शाल सापडली."

"म्हणजे लगीन नाही होते," हंसाबेन हळूच म्हणाल्या आणि त्यांनाच रडू आलं.

मावशीला मात्र राग आला. तिने काकांना ते पान पुन्हा वाचायला लावलं. वारा कुठून, चंद्र केवढा, किती वाजले. मग मांडीवर थाप मारून म्हणाली, "खोटा हाय तो. अरे, त्या टायमाला ओहोटी. पानी उतरलेलं. नाव चिखलात बसंल, उलटंल कशी? पोरगी साडी खोचून चालत घरी गेली असती." आणि काकांच्या हाताला धरून म्हणाली, "लिही. पानी चूक."

काकांनी पेन्सिल घेतली, पण लिहिलं नाही. म्हणाले, "पाणी चूक असेल. पण मी इंदूला खोटंच सांगितलं ना."

मला माहीत नाही मी कशी बोलले. माझ्या हाताला पीठ होतं आणि मी पोळपाटाकडे बघत होते. मी म्हणाले की क्रमशः साहेबांना शेकडो लोकांनी लिहिलं, तिला घरी पोचवा म्हणून, त्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. तुम्ही एकीचं ऐकलंत. त्यात खोटं काय.

मग मावशीने माझ्याकडे बोट दाखवून हंसाबेनना विचारलं, "ही बोलते?"

मावशी विरारला गेली. सुकट आम्ही आठ दिवस पुरवून खाल्ली. एक तारखेला दहा वाजता सवयीने हंसाबेन खुर्ची घेऊन आल्या आणि सवयीनेच बसून राहिल्या. काका चहाचा शेवटचा घोट अजून ठेवतातच, तो मी अजून मोरीत ओतते. माणूस काही एका दिवसात बदलत नाही.

वही मात्र मी पुन्हा उघडून बघितली. विसाव्या भागापुढे मावशीच्या रकान्यात ओहोटीचं सगळं गणित लिहिलेलं होतं. हंसाबेनपुढे "रडल्या". माझ्यापुढे एकच शब्द, "बोलल्या."

आणि त्याच ओळीत, पहिल्या रकान्यात, जिथे अकरा वर्षं काही लिहिलेलं नव्हतं, तिथे नव्या शाईत एक ओळ होती. "इंदू. ऐकून म्हणाली, मग जेवली का ती?"